परदेशातून मागवलेली ‘स्वस्त’ वस्तू घरी येईपर्यंत

अलीकडे तपासणीस येणाऱ्या ज्येष्ठांच्या पिशवीतून औषधांच्या पाकिटांबरोबर काही अनोळखी वस्तू बाहेर निघू लागल्या आहेत. कधी मनगटावर बांधायचे रक्तदाबमापक यंत्र, कधी बोट न टोचता साखर सांगणारे घड्याळ, तर कधी सांधेदुखीवरच्या गोळ्यांची मोठी बरणी. ‘डॉक्टर, परदेशातून मागवले, अगदी स्वस्त पडले,’ असे कौतुकाने सांगितले जाते. पेन्शनच्या रकमेत घर चालवणाऱ्याने स्वस्त वस्तू शोधावी, यात गैर काहीच नाही. तथापि पडद्यावर दिसणारी किंमत आणि वस्तू हाती येईपर्यंत पडणारी किंमत यांत बरेच अंतर असते. वस्तू आरोग्याशी संबंधित असेल, तर हे अंतर केवळ रुपयांत मोजता येत नाही.

किंमत कशी वाढत जाते?

परदेशी विक्रेत्याकडून वस्तू मागवली की तिच्यावर सीमाशुल्क आकारले जाते. हे शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नसते. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून मूल्य ठरवले जाते व त्यावर शुल्क लागते. काही वस्तूंवर या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभारही असतो. त्यानंतर या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे करावरही कर चढतो.

एक उदाहरण पाहू. यातील दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. प्रत्यक्ष दर वस्तूच्या प्रकारानुसार निराळे असतात आणि वेळोवेळी बदलतात. यंत्राची किंमत २००० रुपये आणि वाहतूक खर्च ४०० रुपये धरला, तर मूल्य झाले २४०० रुपये. त्यावर १० टक्के सीमाशुल्क २४० रुपये आणि अधिभार २४ रुपये. आता बेरीज २६६४ रुपये. तिच्यावर १८ टक्के कर म्हणजे सुमारे ४८० रुपये. एकूण खर्च ३१४४ रुपयांच्या घरात गेला. खाजगी कुरिअर कंपनी सीमाशुल्काची कामे करून देण्याचे शुल्क निराळे घेते. टपालाने पार्सल आले, तर कराची रक्कम बहुधा पोस्टमन दारात मागतो. घरी एकटे असलेल्या वृद्ध व्यक्तीला याची कल्पना नसेल, तर ती गोंधळून जाते.

म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी एवढे पाहावे: दाखवलेल्या किमतीत सीमाशुल्क व कर धरले आहेत का? वस्तू नादुरुस्त निघाल्यास परत पाठवण्याचा खर्च कोणी करायचा? अनेकदा परत पाठवण्याचे भाडे वस्तूच्या किमतीहून अधिक होते आणि यंत्र कपाटात पडून राहते.

‘भेट’ लिहिले की कर लागत नाही, हा समज

परदेशी राहणारी मुले प्रेमाने खोका पाठवतात आणि त्यावर ‘भेट’ असे लिहितात. पूर्वी लहान किमतीच्या भेटींना सवलत होती. डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने टपाल वा कुरिअरने येणाऱ्या अशा सवलतीच्या भेटींचा मार्ग बंद केला. जीवनरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद ठेवले. पूर्ण कर भरून भेट मागवण्यास मनाई नाही. खोक्यावर मूल्य कमी लिहिणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यातून पार्सल अडकते, दंडही होऊ शकतो.

औषधांसाठी नियम अधिक काटेकोर आहेत. औषध नियम, १९४५ प्रमाणे प्रवासी स्वतःच्या वापरासाठी सामानातून औषध आणू शकतो, परंतु एका औषधाच्या सरासरी १०० मात्रांहून अधिक नाही. भारतात आयातीस मान्यता नसलेले औषध स्वतःसाठी पार्सलने मागवायचे असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे ‘१२-अ’ नमुन्यात अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. घरात दुर्मीळ आजाराचा रुग्ण असेल, तर एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये नमूद आजारांसाठी स्वतःच्या वापराकरिता मागवलेल्या औषधांना १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी आरोग्य सेवा संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. महागड्या औषधांच्या बाबतीत ही सवलत कुटुंबाला मोठा आधार ठरते.

खोक्यातील धोके

आता वैद्यकीय बाजू पाहू. अमेरिकेत ‘अॅसिटामिनोफेन’ या नावाने मिळणारे औषध म्हणजेच आपले पॅरासिटामॉल. नावे वेगळी असल्याने दोन्ही एकाच वेळी घेतली जातात. समजा, एखाद्या आजींनी मुलाने पाठवलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या आणि इथली ६५० मिलिग्रॅमची गोळीही तीनदा घेतली. दिवसाला सुमारे पाच ग्रॅम औषध पोटात गेले. प्रौढांसाठी कमाल मर्यादा चार ग्रॅमची मानली जाते. कृश वृद्धांना त्याहून कमीच द्यावे लागते. ही मर्यादा ओलांडली, तर यकृताला इजा होते आणि प्रारंभी काही जाणवतही नाही.

रात्री घ्यायच्या काही परदेशी वेदनाशामक गोळ्यांत ‘डायफेनहायड्रामिन’ हे गुंगी आणणारे औषध असते. वृद्धांना त्याने भ्रम होतो, तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते. ‘नॅप्रोक्सेन’ तिकडे चिठ्ठीशिवाय मिळते. ते मूत्रपिंडावर ताण आणते, रक्तदाब वाढवते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पार्सल गोदामात उन्हाळ्यात अडकून पडले, तर थंड जागी ठेवायची औषधे निकामी होतात. ती बाहेरून मात्र तशीच दिसतात.

यंत्रांचेही तसेच आहे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथील ग्लुकोमीटर साखर ‘मिलिमोल’मध्ये दाखवतात. तेथील १० म्हणजे आपल्याकडील १८०. तो आकडा पाहून साखर फार खाली गेली असे समजून चमचाभर साखर खाल्ली जाते. यंत्र स्वस्त मिळाले तरी त्याच्या पट्ट्या इथे मिळत नसतील, तर ते खेळणेच ठरते. अमेरिकेतील वीज सुमारे १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची असल्याने तेथील यंत्र थेट जोडल्यास जळू शकते. त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या घड्याळांविषयी व अंगठ्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला. अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला तोवर त्यांची मान्यता नव्हती. या आकड्यांवर विसंबून कोणी इन्सुलिनची मात्रा बदलली, तर जिवावर बेतू शकते.

भारतात रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर व डिजिटल थर्मामीटर १ जानेवारी २०२१ पासून औषधविषयक कायद्याच्या नियंत्रणाखाली आले आहेत. म्हणून वेष्टनावर परवाना क्रमांक आणि आयातदाराचा भारतातील पत्ता आहे का, हे पाहावे. रक्तदाबासाठी दंडावर बांधायचे, योग्य मापाच्या पट्ट्याचे यंत्र अधिक भरवशाचे असते.

पार्सलच्या नावाने फसवणूक

‘तुमचे पार्सल सीमाशुल्क विभागाने अडवले आहे, लगेच पैसे भरा,’ असा फोन वा संदेश आला, तर घाबरू नये. सीमाशुल्क विभाग फोन करून कोणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही. विभागाच्या अधिकृत पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ‘पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अटकेत आहात’ हा तर उघड बनाव आहे; अशी अटक कायद्यात नाही. फोन बंद करावा, घरच्यांना सांगावे. पैसे गेले असतील, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. फसवणूक झालेले अनेक वृद्ध लाजेपोटी गप्प राहतात. काळजीवाहकांनी त्यांना दोष न देता धीर द्यावा, कारण पैसे थांबवण्यासाठी सुरुवातीचा वेळ फार मोलाचा असतो.

मग काय करावे?

प्रथम इथला भाव विचारावा. जनऔषधी केंद्रांत अनेक नित्याची औषधे बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतात. महाराष्ट्रातील ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र नागरिकांना ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’तून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये देण्याची तरतूद आहे. श्रवणयंत्र तर कानाची तपासणी केल्याशिवाय कोठूनही घेऊ नये.

परदेशातून काही आलेच, तर वेष्टन टाकून देऊ नका. औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि मुदत त्यावरच असते. ते वेष्टन आपल्या चालू औषधांसह डॉक्टरांना दाखवा आणि मगच पहिली गोळी घ्या. मुलगा वा मुलगी ‘काय पाठवू?’ असे विचारील, तेव्हा सध्या चालू असलेल्या औषधांची यादी त्यांना वाचून दाखवा. यापैकी काही दुसऱ्या नावाने खोक्यात येत नाही ना, हे त्यांनाच तेथील औषध विक्रेत्याकडे विचारायला सांगा. तेवढे केले, तरी खोक्यातील बरेचसे धोके तिकडेच थांबतील.