छोटा भीमची टोळी : जमेच्या बाजू, उणिवा आणि आपला वर्ग



मधल्या सुट्टीत मुलं 'छोटा भीम' खेळताना कधी नीट बघितलंय का? भीम व्हायला सगळेच तयार असतात. राजू, चुटकी, अगदी जग्गू माकड व्हायलाही कुणीतरी मिळतं. पण कालिया व्हायला कुणीच तयार नसतं. मग सगळे मिळून कुणाला तरी कालिया ठरवतात.

आमचं चितेगाव हे पैठण रस्त्यावरचं, कारखान्यांच्या आसपास वाढलेलं गाव. माझ्या तिसरीच्या वर्गात गावातली मुलं आहेत, तशीच कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेल्या कुटुंबांचीही आहेत. घरची बोली वेगवेगळी, पण छोटा भीम सगळ्यांचा. एक अंगाने भरलेला, सावळा मुलगा खेळात 'कालिया' झाला. सुट्टी संपली, पण नाव काही सुटलं नाही. चार दिवसांनी त्याची आई वर्गाच्या दाराशी आली. "मॅडम, पोरगं शाळेत यायचं नाही म्हणतंय. पोरं काळ्या-काळ्या करतात म्हणे."

त्या आठवड्यात मी ही मालिका पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिली. 'कार्टून वाईट' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण त्यात चांगलं काय आणि कमी काय, हे कळलं तर आपल्याला त्याचा उपयोग करता येतो.

थोडी ओळख

आमच्या लहानपणी, १९९७ पासून, दूरदर्शनवर शक्तिमान होता. तो एकटाच यायचा आणि एकटाच लढायचा. 'छोटा भीम' २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनची ही निर्मिती, निर्माते राजीव चिलका. ढोलकपूर नावाच्या राज्यातला नऊ वर्षांचा भीम आणि त्याची टोळी अशी ही गोष्ट. टोळीत चुटकी, राजू आणि बोलणारं माकड जग्गू. समोरच्या बाजूला कालिया आणि त्याचे जुळे साथीदार ढोलू-भोलू. पुढे कृष्णाला सोबत घेऊनही भीमचे चित्रपट आले.

जमेच्या बाजू

१) वातावरण आपलं आहे. राजा, गाव, लाडू, कुस्ती, जत्रा हे सगळं मुलांच्या ओळखीचं. परदेशी कार्टून पाहून वाढणाऱ्या मुलांना आपल्या मातीतला नायक मिळाला, ही मोठीच गोष्ट.

२) नायक एकटा नाही. तो मित्रांसोबत हिंडतो, त्यांच्यासाठी धावून जातो. दुबळ्याला मदत करायची, हे मुलांना न सांगता कळतं.

३) शत्रू कायमचा शत्रू नाही. कालिया भीमचा हेवा करतो, पण संकट आलं की पुष्कळदा सोबतच असतो. भांडण झालं तरी उद्या पुन्हा एकत्र खेळायचं, हे मुलांच्या जगाला धरूनच आहे.

उणिवा

१) टोळी आहे, पण काम एकाचंच. संकट येतं, भीम अडचणीत सापडतो, चुटकी लाडू फेकते, भीमच्या अंगात बळ येतं आणि तो जिंकतो. बाकीचे टाळ्या वाजवतात. लाडू नसेल तर भीम अडतो खरा, पण लाडू पोचवणं एवढाच चुटकीचा वाटा?

२) मुलीची जागा. चुटकी हुशार आहे, धीट आहे, तरी पुष्कळ भागांत ती मदतनीसच राहते. २०२० मध्ये भीमचं लग्न राजकन्या इंदुमतीशी झालं, चुटकीवर अन्याय झाला, अशी ओरड समाजमाध्यमांवर झाली होती. शेवटी 'ही सगळी अजून लहान मुलं आहेत' असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला! गंमत सोडा, पण चुटकीने काय केलं यापेक्षा तिचं लग्न कुणाशी, यावरच मोठी माणसं बोलत होती.

३) रूपावरून स्वभाव. जो खादाड, हेवेखोर, तोच जाडा आणि त्याचंच नाव कालिया. मुलं ही जोडी सहज उचलतात. माझ्या वर्गात नेमकं हेच झालं होतं.

बलवानाचं करायचं काय?

टोळीच्या कोणत्याही गोष्टीत एक अडचण असतेच. सगळ्यांत बलवान जो, तोच सगळं करू शकत असेल तर बाकीचे कशाला? 'जस्टिस लीग' या २००१ च्या अमेरिकन मालिकेत सात महानायक होते. सुपरमॅनपुढे इतरांना वाव मिळावा म्हणून सुरुवातीला त्यालाच फार मार खाताना दाखवलं. प्रेक्षकांना ते पटलं नाही, आणि पुढच्या पर्वात त्याला पुन्हा बळकट करावं लागलं. त्याच मालिकेतल्या बॅटमॅनकडे मात्र कुठलीच अद्भुत शक्ती नाही. तरी तो टोळीत हवाच असतो, कारण काही कोडी ताकदीने सुटत नाहीत.

हे उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. पांडवांचा अज्ञातवास आठवा. विराटाच्या घरी खरा भीम बल्लव होऊन स्वयंपाक करत होता. युधिष्ठिर कंक झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्य शिकवत होता, नकुल घोडे आणि सहदेव गाई सांभाळत होता, द्रौपदी सैरंध्री झाली. एक जण ओळखला गेला असता तरी सगळे अडकले असते. तिथे भीमाची गदा कामाची नव्हती. आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तर आपली मुलं पाठच म्हणतात. म्हणजे बलवानाला दुबळं करायचं नाही. काम असं द्यायचं की ते एकट्याने होऊच नये.

वर्गात मी काय बदललं

आता माझी चूक सांगते. मैदानाची लांबी-रुंदी मोजायचं गटकार्य मी दिलं होतं. प्रत्येक गटात एकच मूल मोजत होतं, लिहीत होतं, उत्तरही तेच सांगत होतं. बाकीच्यांना विचारलं तर म्हणाले, "तो करतोय ना, मॅडम!" आणि मी शाबासकी कुणाला दिली? त्या एकालाच. म्हणजे ढोलकपूर वर्गात मीच वसवलं होतं.

मग मी जिगसॉ पद्धत वापरली. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एलियट आरन्सन यांनी ती शाळांमध्ये सुरू केली. धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. प्रत्येकाने तो इतरांना समजावून सांगितला तरच धडा पूर्ण होतो. मोजमापातही तसंच केलं. टेप धरणारा, आकडा वाचणारा, नोंद करणारा, पडताळणी करणारा असे चौघे, आणि दर वेळी कामांची अदलाबदल.

सोबत एक प्रश्न फळ्यावर लिहिला : 'लाडू संपले आहेत आणि भीम आजारी आहे. ढोलकपूर कोण आणि कसं वाचवेल?' उत्तरं भन्नाट आली. एका मुलीची चुटकी गावातल्या सगळ्या बायकांना गोळा करून नदीचा बांध अडवते. आणि त्या मुलाने लिहिलं, "कालियाला गावातली सगळी घरं माहीत आहेत, कारण तो सगळीकडे जेवायला जातो. म्हणून तो सगळ्यांना जागं करेल." वर्ग हसला. पण या वेळी त्याच्यावर नाही, त्याच्यासोबत.

चिडवणं एका दिवसात थांबलं नाही. नावाने हाक मारायचा नियम करावा लागला, दोन-तीन पालकांशी बोलावंही लागलं. पण तो मुलगा आता रोज येतो, आणि टेपवरचा आकडा वाचायची पाळी आली की कुणाला हात लावू देत नाही.

पालकहो, आज संध्याकाळी टीव्ही बंद करण्याआधी दहा मिनिटं मुलाशेजारी बसा. भाग संपला की "कोण जिंकलं?" असं विचारू नका. "बाकीच्यांनी काय केलं?" असं विचारा.