वस्तीभोवतीची झाडे आणि आमच्या घरचा जाळ



गळीत हंगाम आटोपला, शेवटच्या गाड्या वजनकाट्यावरून गेल्या, की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना थोडी उसंत मिळते. तशी ती नावालाच. खोडव्याच्या नोंदी, बियाणे मळ्याची पाहणी चालूच असते. तरी एप्रिलपासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंतचे दिवस घराकडे बघायचे. याच दिवसांत खड्डे काढायचे, माती उन्हात तापू द्यायची आणि पाऊस लागला की झाडे लावायची. म्हणून यावेळी ऊस बाजूला ठेवून वस्तीभोवतीच्या झाडांविषयी लिहावे असे आम्ही ठरवले. त्यासाठी एक घरची गोष्ट सांगावी लागणार आहे. सांगायला संकोच वाटतो. पण ती लपवून उपदेश केला तर आमच्या गटातले सभासद हसतील, कारण त्यांना ती ठाऊक आहे.

गटागटांतून फिरताना आम्ही पाहतो. घर स्लॅबचे, दारात ट्रॅक्टर, आणि सावलीला एक झाड नाही. उसाची सरी पार ओट्याला येऊन भिडलेली. दुपारी शेळी बांधायची तर ट्रॉलीच्या सावलीला. आमच्या आज्याच्या काळी विहिरीवर आंबा असे, गोठ्यापाशी निंब असे, मोटेच्या धावेवर बैलांना सावली असे. पुढे मोटा गेल्या, इंजिने आली, मग विजेच्या मोटारी आल्या. धाव नांगराखाली गेली आणि तिच्यावरची झाडे सरपणात गेली. हिशोब असा, की झाडाखाली दोन सऱ्या ऊस बारीक राहतो. राहतो हे खरे आहे, आम्ही नाकारत नाही. पण दोन सऱ्यांसाठी साऱ्या घराला उन्हात बसवायचे, हा हिशोब आम्हाला काही पटत नाही.

आमचीही वस्ती अशीच होती. शेती थोरले बंधू बघतात, आम्ही नोकरीत. घरामागे मोरीचे पाणी साचून डबके झालेले, डासांनी संध्याकाळी बाहेर बसता येत नसे. २०१४ च्या उन्हाळ्यात आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मनावर घेतले. मजूर लावायचा नाही, दर रविवारी घरच्यांनीच खपायचे, ही त्यांची अट. डबक्यातून चर काढून मोरीचे पाणी परड्यात नेले आणि तिथे केळी, अळू आणि दोन नारळ लावले. नारळात २५ फूट अंतर ठेवले. महिनाभरात डबके आटले. हे काम सोपे होते, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

खरे काम बांधावरचे. घराच्या पश्चिमेला आमचे उसाचे रान लागते. दिवस कलताना ऊन तिकडूनच घरात शिरते आणि पावसाळ्यातला वाराही त्याच अंगाने येतो. म्हणून पश्चिमेच्या बांधावर केशर आंब्याची आठ कलमे एका ओळीत लावायचे ठरले. बंधूंचे म्हणणे होते, उत्तरेच्या बांधावर लावू, म्हणजे आपला ऊस वाचेल. आबा म्हणाले, “आपला वाचंल, पन सावली चुलत्याच्या रानात पडंल. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतोय, सावली उत्तरंला जाती. उद्या पोरापोरांत भांडान लागंल.” आमच्या पदविकेच्या पुस्तकात हे दिशांच्या आकृतीसह होते. आबांना ते बांधावर उभे राहून माहीत होते. बांधावरच्या झाडांपायी चावडीपर्यंत गेलेली भांडणे आपल्याकडे थोडी नाहीत, तेव्हा उत्तरेच्या बांधावर उंच वाढणारे झाड लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे.

मे महिन्यात तीन-तीन फुटांचे खड्डे घेतले. आमची जमीन काळी भारी. टिकाव मारला की ठिणगी उडावी असे रान, पहारीने निघालेली ढेकळे डोक्याएवढी. हाताला फोड आले. खड्ड्यात तळाला पालापाचोळा, वर पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि सुपर फॉस्फेट भरले. सगळे पुस्तकाप्रमाणे केले, आणि ऑगस्टमध्ये दोन कलमे सुकून गेली. उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजलेली. काळ्या जमिनीत खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात हौदच. पाणी आत शिरते पण निघत नाही. दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, त्या दोन जागी आम्ही मुरूम आणि माती मिसळून दीड फूट उंच भर घातली आणि कलम त्या उंचवट्यावर लावले. ती दोन्ही लागली. ज्यांची जमीन भारी आहे त्यांनी खड्ड्याच्या मापापेक्षा या भरीकडे लक्ष द्यावे. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. पाण्यासाठी आळे दुहेरी करावे, म्हणजे पाणी खोडाला न भिडता बाहेरच्या गोलात राहते. पहिली तीन वर्षे मोहोर आला तर खुडून टाकावा. बायका-मुलांना ते बघवत नाही, आमच्या घरीही बघवले नाही, तरी खुडावा.

तर २०१८ साल उजाडेपर्यंत आठ झाडे उभी होती, पुरुषभर उंच.

आता ती गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत आमचा ऊस तुटला. आम्ही त्या दिवसांत गावोगाव पाचट न जाळण्याच्या सभा घेत होतो. एके दिवशी मुक्कामाला गट ऑफिसवरच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावात सभा. एकरी तीन-चार टन पाचट निघते, ते जाळणे म्हणजे जमिनीचे अन्न जाळणे, वगैरे आम्ही रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात मागून एक म्हातारे सभासद उठले. “सायेब, काल रातीला तुमच्या वस्तीकडं उजेड कसला हुता वो?”

सभा हसली. आम्हीही हसलो, पण पोटात गोळा आला. सभा कशीबशी उरकून घरी गेलो.

रान काळे पडले होते. बंधूंची पाण्याची पाळी आली होती, खोडवा लवकर फोडायचा होता, पाचटात उंदीर होतात ही भीती होती. संध्याकाळी वारा पडलेला बघून त्यांनी काडी लावली. अर्ध्या तासात वारा फिरला आणि जाळ बांधावर आला. आठांपैकी पाच झाडे होरपळली. पाने तांब्यासारखी झालेली, सालीला भेगा. वहिनींनी आणि आईने रात्री घागरींनी पाणी मारून तीन वाचवली होती. बंधू गोठ्यात काम काढून बसले होते, आमच्याकडे बघत नव्हते. आबा बांधावर बसले होते. ते एवढेच म्हणाले, “गावाला सांगत फिरतूस. घरात सांगायचं इसरलास व्हय?”

बोलणे बरोबर होते. आम्ही शंभर ठिकाणी पाचटाची पत्रके वाटली, घरच्या रानात मात्र एकदाही उभे राहून बंधूंना सांगितले नव्हते. गटाचे कुट्टी यंत्र घरी आधी नेले तर लोक बोलतील म्हणून तेही कधी नेले नव्हते. काडी बंधूंनी लावली, पण त्यातला आमचा वाटा आम्ही नाकारू शकत नाही.

आम्हाला वाटले, झाडे काढून टाकावीत आणि जूनमध्ये नवी लावावीत. आबांनी हात लावू दिला नाही. “मूळ जित्तं हाय का बघ आधी.” त्यांचे ऐकले ते बरे झाले. होरपळलेल्या झाडाची घाई करू नये, हे आमच्या लक्षात राहिले ते तेव्हापासून. खोडांना मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर अशी बोर्डो पेस्ट करून लावली. आळ्यात थोडे-थोडे पाणी देत राहिलो. मेमध्ये तीन झाडांना बुडातून लालसर फूट आली, दोन मेलीच.

बंधूंना आनंद झाला, केशर पुन्हा फुटला म्हणून. पण फूट आली होती जोडाच्या खालून. म्हणजे वरचा केशर जळून गेला होता आणि उरला होता खालचा रायवळ. पुष्कळ सभासदांच्या दारी असेच होते. कलमाचा वरचा भाग कधी मेला ते कळत नाही, खालचा कोयीचा खुंट जोमाने वाढतो, आणि पाच वर्षांनी आंबट आंबा लागला की रोपवाटिकेने फसवले म्हणून तक्रार येते. जोडाखालची फूट दिसेल तेव्हा खुडत जावे. आमच्या बाबतीत मात्र तीच फूट कामाची होती.

प्रत्येक खुंटाची एकच जोमदार फूट ठेवली, बाकी काढली. जुलैमध्ये हवेत ओल असताना मृदुकाष्ठ कलम बांधले. वाचलेल्या तीन झाडांवरच तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या हेरल्या. आठ दिवस आधी त्यांची पाने देठ ठेवून छाटली, म्हणजे डोळे फुगतात. फुटीची पाने तांबूस असतानाच तिचा शेंडा मारला, मध्ये चीर घेतली, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली आणि चिरेत बसवली. साल सालीला भिडली पाहिजे, सारे यश तिथे आहे. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. चाकू आमच्या हातात होता, पण पट्टी बांधली बंधूंनी. त्यांचा हात आमच्यापेक्षा स्थिर आहे. फेब्रुवारीनंतर आम्ही दोघे एका कामाला प्रथमच बसलो होतो. तीनपैकी दोन लागली. तिसरे पुढच्या पावसाळ्यात, २०१९ ला, पुन्हा बांधले तेव्हा लागले.

त्या वर्षापासून आमच्या रानात काडी लागलेली नाही. तुटून गेलेल्या रानात पाचट पसरून बुडखे मोकळे करतो आणि टनाला युरिया ८ किलो, सुपर फॉस्फेट १० किलो व कुजवणारे जिवाणू एक किलो या हिशोबाने टाकून पाणी देतो. बांधाकडचे पाचट बंधू स्वतः दाताळ्याने ओढून घेतात आणि त्यातले काही झाडांच्या आळ्यात अंथरतात. खोडापासून हातभर दूर, नाहीतर वाळवी लागते. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तरी झाड तग धरते ते या आच्छादनाने.

इतर झाडांविषयी थोडक्यात. घाई असलेल्याने शेवगा लावावा, बियांपासून सहा-आठ महिन्यांत शेंग येते. पण तो तीन फुटांवर छाटावा, नाहीतर वाऱ्याने मोडतो. लिंबू, कढीपत्ता मोरीजवळ चालतात, फक्त साबणाचे पाणी थेट बुडात सोडू नये. चोपण तुकडा असेल तर तिथे आंब्याचा हट्ट धरू नये, करंज किंवा विलायती चिंच लावावी. वड, पिंपळ, उंबर ही झाडे पुण्याची खरी, पण विहिरीच्या बांधकामात मूळ घालतात. ती दूर गायरानाला शोभतात. सुबाभूळ एक लावली की बी पडून पुढे शंभर उपटावी लागतात. आणि उभे झाड तोडायचे मनात आले तर आधी तलाठ्याकडे चौकशी करावी. आंबा, चिंच, जांभूळ, साग अशी झाडे आपल्या मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात, परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

आबांची पंचाहत्तरी उलटली. दुपारी ते पश्चिमेच्या बांधावर, दुसऱ्यांदा बांधलेल्या केशराखाली खाट टाकून पडतात. मेलेल्या दोन झाडांपैकी एका जागी जांभूळ लावली आहे. दुसरी जागा अजून मोकळीच होती. गेल्या आठवड्यात बंधूंनी तिथे खड्डा काढला आहे. भरीचा मुरूम तेवढा यायचा आहे.