तबकडी फिरवणारी तीन यंत्रे, सुराचे तीन स्वभाव

अडगळीत पडलेल्या एलपी तबकड्या पुन्हा बाहेर येऊ लागल्या, तसा जुन्या टर्नटेबलांचाही शोध सुरू झाला. खरेदी करताना बहुतेकांचे लक्ष सुई आणि स्पीकरकडे असते. तबकडी ज्या थाळीवर ठेवायची, ती थाळी फिरते कशी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक, सुराचा खरेपणा तिथूनच सुरू होतो.

एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. हा वेग सुमारे सहा टक्क्यांनी चुकला, तर सूर अर्ध्या स्वराने सरकतो; सव्वा टक्क्याची चूकही जवळपास एका श्रुतीइतकी भरते. वेग सतत कमी-जास्त होत राहिला, तर तानपुऱ्याचा षड्ज किंवा विलंबित आलापातील लांब सूर हेलकावे खाऊ लागतो. दुसरा शत्रू म्हणजे मोटरची कंपने. ती थाळीमार्गे सुईपर्यंत पोचली, की गाण्यामागे मंद घरघर ऐकू येते. या दोन दोषांशी झगडताना तीन पद्धती पुढे आल्या.

रबरी चाक

पहिली पद्धत आयडलरची. मोटरचा दांडा आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबून बसवलेले असते. १९५०च्या दशकातील इंग्लंडचे गॅरार्ड ३०१ हे तिचे नामांकित उदाहरण. मोटर ताकदवान असल्याने थाळी झटकन वेग पकडते. तबल्याची थाप, बासचा ठोका यांना अशा यंत्रावर भरीवपणा येतो, असे तिचे चाहते मानतात. मात्र मोटरची कंपनेही त्याच चाकावाटे थाळीपर्यंत पोचतात. म्हणूनच ही यंत्रे जड बैठकीवर बसवण्याची प्रथा पडली.

पट्टा

दुसऱ्या पद्धतीत मोटर दूर असते आणि लवचीक पट्टा थाळी फिरवतो. अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या एआर कंपनीने १९६१ मध्ये आणलेल्या टर्नटेबलाने या पद्धतीला घरोघरी नेले. रबर कंपने शोषून घेत असल्याने पार्श्वभूमी शांत राहते. गायकाचा श्वास, सतारीची आस यांसारखे बारकावे उठून दिसतात. परंतु पट्टा कालांतराने सैल होतो आणि वेग ढळू लागतो.

थेट मोटर

तिसरी पद्धत जपानची. मात्सुशिताने १९७० मध्ये आणलेल्या टेक्निक्स एसपी-१० मध्ये मोटर थाळीखालीच होती आणि थाळीच्याच वेगाने फिरत होती. वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने राखला जाई. १९७२ मध्ये आलेल्या एसएल-१२०० मालिकेने पुढे जगभरच्या डीजेंना आपलेसे केले, कारण हाताने थांबवलेली थाळी क्षणात पुन्हा वेग घेते. वेगाची अचूकता हा तिचा गुण. काही रसिकांना मात्र तिचा आवाज कोरडा वाटतो.

अर्थात, स्वभावाची ही वर्णने सरसकट लागू होत नाहीत. सुई, तिचा दांडा, बैठक आणि देखभाल यांचा वाटा तितकाच मोठा असतो. वापरलेले यंत्र घेताना आयडलरचे चाक कडक किंवा चपटे झाले आहे का, हे पाहावे. पट्टा बदलणे सोपे असते. थेट मोटरीचे बिघडलेले इलेक्ट्रॉनिक भाग मिळवणे तुलनेने अवघड.

परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेल्या यंत्रांबाबत विशेष सावधगिरी हवी. आयडलर आणि पट्ट्याच्या अनेक जुन्या यंत्रांत मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, तर भारतात ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आवर्तने नव्हे. परिणामी थाळी एक षष्ठांशाने मंदावते आणि काळी एकमध्ये गायलेला राग खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली ऐकू येतो. दोष गायकाचा नसतो, तबकडीचाही नसतो. त्यावर उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरील पुली बदलणे.

वेग तपासण्याची युक्ती सोपी आहे. ५० आवर्तनांसाठीची, १८० रेषांची स्ट्रोब चकती थाळीवर ठेवून ती चोकवरच्या जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवावी. रेषा स्थिर दिसल्या, तर वेग अचूक. त्या सरकू लागल्या, तर सूरही सरकतो आहे, असे खुशाल समजावे.