दोरी, होकार आणि देसाईगंजचे ठाणे

गेल्या पावसाळ्यात मिहानमधील एका कंपनीत नोकरी करणारी, आपल्याच वस्तीतली एक मुलगी माझ्या ऑफिसात आली. पक्षकार निघून जाईपर्यंत बाहेर थांबली आणि मग म्हणाली, "भाऊ, रागावणार नसाल तर एक विचारते."

हकीकत अशी. सात-आठ सज्ञान मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा एका फ्लॅटवर जमतात आणि एकमेकांना दोरीने बांधण्याची जपानी पद्धत शिकतात. त्यात त्यांना आनंद मिळतो. एका बैठकीत तिच्या मैत्रिणीचा हात बधिर झाला. बांधणारा तिचा ऑफिसातला सीनियर आणि फ्लॅटही त्याचाच. ती काही बोलली नाही आणि सर्वांनी तो होकार समजला. पुढे कितीतरी दिवस तिचे मनगट वर उचलत नव्हते. "आता सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवायच्या का?" हा हिचा प्रश्न.

हे वाचून आपले अनेक कार्यकर्ते नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. दोरी म्हटले की आपल्याला २०१६ सालचे उना आठवते, गाडीला बांधून मारलेले आपले तरुण आठवतात. मलाही तेच आठवले. पण उनात त्या तरुणांना 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता काय? सगळा फरक तिथेच आहे. आणि असले विषय आपले नव्हेत असे म्हणणाऱ्यांनी १९३४ साल आठवावे. 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. म्हणून बाबासाहेबांनी वकीलपत्र घेण्यात चूक केली काय?

सह्यांबद्दल मी तिला स्पष्ट सांगितले की त्या कागदाचा उपयोग नाही. संमती ही खरेदीखतासारखी एकदा नोंदवून मोकळे होण्याची गोष्ट नाही. पाच मिनिटांपूर्वी दिलेली संमती पाच मिनिटांनी काढून घेता येते.

हे आपल्या विदर्भाने फार मोठी किंमत देऊन शिकवले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. आपल्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरवले, निमूटपणे सहन करणे म्हणजे संमती नव्हे असे बजावून. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, या कारणांनी त्यांना निर्दोष सोडले. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने तर प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे कलमातच लिहिले. 'ती गप्प होती' हे वाक्य मी त्या मुलीच्या तोंडून ऐकले तेव्हा मला देसाईगंजच आठवले.

मग हे बांधणे गुन्हा आहे काय? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २५ (जुने कलम ८७) सांगते की, अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल आणि मृत्यू वा गंभीर दुखापत करण्याचा हेतू किंवा तशी शक्यता असल्याची जाणीव नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्यातले उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचे आहे. पण भीतीपोटी वा गैरसमजातून दिलेली संमती कलम २८ मानत नाही. इंग्लंडमध्ये तर १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी, सज्ञान पुरुषांनी परस्पर संमतीने केलेल्या अशाच कृत्यांची शिक्षा कायम केली. आपल्याकडे २०१७ चा खाजगीपणाचा आणि २०१८ चा कलम ३७७ चा निकाल आधाराला आहेत. तरी जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला ते वाचवतीलच, असा भरवसा कोणत्याही वकिलाने देऊ नये.

दंडातून हाडाला चिकटून एक नस जाते. तिच्यावर दोरीचा दाब बसला की मनगट लुळे पडते. म्हणून जाणती माणसे मुंग्या आल्या की लगेच सोडतात, बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवतात, गळ्याभोवती दोरी घेत नाहीत, बांधलेल्याला एकटे सोडत नाहीत. 'लाल' म्हटले की थांबायचे, हा शब्द आधी ठरलेला असतो. हे सर्व त्या मुलांना माहीत होते. तरी मैत्रीण गप्प राहिली, कारण 'लाल' कोणाला म्हणायचे? ज्याच्या हातात तिच्या कामाचा वार्षिक शेरा आहे, त्याला?

सर्वांना दार उघडे आहे असे म्हणणाऱ्या गटाने आधी फ्लॅट कोणाचा, पगार कोणाचा मोठा, आडनाव कोणाचे, हे पाहावे. मी तीन गोष्टी सुचवल्या. वरिष्ठाने कनिष्ठाला बांधायचे नाही. तक्रार फ्लॅटमालकाकडे नव्हे, दोन वेगळ्या माणसांकडे जावी आणि त्यांतली एक बाई असावी. दर दोन-तीन मिनिटांनी विचारायचे, आणि उत्तर आले नाही तर सोडायचे.

महिन्याभराने ती पुन्हा आली. सीनियर गटातून निघून गेला, त्याच्याबरोबर आणखी दोघे. बैठक आता दुसरीकडे होते. मैत्रिणीचा हात बरा झाला आहे, पण घरी कळेल म्हणून ती तक्रारीला तयार नाही. तिला माझा नंबर द्यायला मी सांगितले. अजून फोन आलेला नाही.