सोनोग्राफी

सोनोग्राफी ही मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजेच श्राव्यातीत, ध्वनिलहरींच्या साहाय्याने शरीरातील अवयवांची प्रतिमा मिळवण्याची वैद्यकीय तपासणी आहे. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा यासंबंधीचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे या पद्धतीचा वैद्यकात प्रसार झाला. अनेक रुग्ण हिला क्ष-किरण तपासणीचाच प्रकार समजतात. वस्तुतः हीत क्ष-किरणांचा वापर होत नाही, म्हणूनच ती गर्भवतीसाठीही वापरता येते.

स्वरूप

मनुष्याला साधारणतः २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीत बहुधा २० लाख ते १५० लाख हर्ट्झ कंप्रतेच्या लहरी वापरतात. विहिरीत हाक मारली असता ती परत ऐकू येते, त्याप्रमाणे त्वचेवर टेकवलेल्या प्रोबमधून निघालेल्या लहरी अवयवांवरून परावर्तित होतात व त्या प्रतिध्वनींपासून पडद्यावर चित्र तयार होते. हवा व हाडे या लहरींना अडवतात. त्वचा आणि प्रोब यांमध्ये हवा राहू नये म्हणून थंडगार जेल लावतात. ते पुसले की निघून जाते.

पूर्वतयारी

चित्राची स्पष्टता केवळ यंत्रावर अवलंबून नसते. रुग्णाची तयारीही तितकीच महत्त्वाची असते. यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड पाहण्यासाठी सहसा ६ ते ८ तास उपाशी राहण्यास सांगतात. अन्न पोटात गेले की पित्ताशय आकसते आणि त्यातील खडे नीट दिसत नाहीत. दुधाचा चहाही यास अपवाद नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव असे पाच तालुके आहेत. एखाद्या खेड्यातून पहाटेच्या एसटीने शहरात येणारा रुग्ण स्थानकावर घोटभर चहा घेतो आणि त्यामुळे त्या दिवशीची तपासणी, प्रवासखर्च व बुडालेली मजुरी हे सारेच वाया जाऊ शकते. उपाशी राहण्याची सूचना कागदावर लिहून घेतलेली बरी. मधुमेहाच्या रुग्णाने उपवास व इन्सुलिन किंवा गोळ्या यांचा मेळ कसा घालावा, हे आधीच डॉक्टरांना विचारणे आवश्यक असते.

गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय किंवा प्रोस्टेट पाहताना याउलट मूत्राशय भरलेले लागते. त्यासाठी सुमारे तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरण्यास सांगतात. भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते व लहरींना वाट देते. योनिमार्गे तपासणी करायची असल्यास मात्र मूत्राशय रिकामे ठेवतात. अशा तपासणीपूर्वी स्त्रीची संमती घेतली जाते, आणि सोबत स्त्री परिचारिका असावी असे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही. थायरॉइडच्या तपासणीस सहसा कोणतीच तयारी लागत नाही.

अहवाल

अहवालाच्या शेवटी दिलेला अभिप्राय हे अंतिम निदान नव्हे. रुग्णाची लक्षणे व इतर तपासण्या यांच्याशी तो ताडून पाहावा लागतो. आतड्यांतील वायू किंवा स्थूलता यांमुळे काही भाग दिसत नाही. त्यामुळे 'दोष आढळला नाही' याचा अर्थ 'दोष नाहीच' असा होत नाही. जुने अहवाल सोबत नेल्यास गाठ वाढली की तेवढीच आहे, हे कळते.

गर्भवतीची सोनोग्राफी व कायदा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी करण्याची शिफारस केली. गर्भातील व्यंगे पाहण्यासाठीची तपासणी बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास करतात. काही व्यंगे तिच्यातूनही निसटू शकतात.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला व २००३ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. तरीही राज्यातील ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे. ते विचारणारा नातेवाईकही दोषी ठरतो. पहिल्या गुन्ह्यास त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सक्तीने तपासणी करवलेल्या स्त्रीला मात्र शिक्षा होत नाही.

तपासणीपूर्वी 'एफ' नमुना भरताना आधीची अपत्ये किती व कोणती हे विचारतात, तेव्हा काही कुटुंबे बिचकतात. हा प्रश्न त्या कुटुंबावरील संशयातून येत नाही. प्रत्येक गर्भवतीबाबत ही नोंद सक्तीची आहे. आपल्याला लिंग जाणून घ्यायचे नाही, अशा प्रतिज्ञेवर तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेले असावे लागते; ते नसेल तेथे तपासणी करून घेऊ नये.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयांत गर्भवतीच्या आवश्यक तपासण्या, सोनोग्राफीसह, मोफत आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते. तेथे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे.