ज्याचा घेर वाढत नाही

आलापल्लीच्या वनवैभवात जुन्या सागाच्या बुंध्यापुढे थबकणारा प्रवासी जवळच्या बांबूच्या बेटाकडे सहसा लक्ष देत नाही. परंतु ऊतींच्या अभ्यासकाला त्या बेटापाशी अधिक काळ रेंगाळावेसे वाटेल. सागाच्या सालीखाली विभाजी ऊतींचे जे पातळ वेष्टन असते, ते आत काष्ठ आणि बाहेर रसवाहिन्या निर्माण करीत राहते. पावसाच्या आरंभी घडणाऱ्या जलवाहिन्या रुंद, पुढच्या अरुंद, आणि या भेदातूनच वार्षिक वलये उमटतात. भारतीय वृक्षांच्या वलयांचा कसून अभ्यास करणारे आणि हडप्पाच्या उत्खननातील लाकडाची ओळख पटविणारे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील के. ए. चौधरी यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच पडते, याचा मला मनापासून खेद वाटतो.

बांबूला हे वेष्टनच नाही. तो तृणकुलातला; म्हणून जो कोवळा कोंब आपल्याकडे वास्ते म्हणून भाजीला येतो, तो आपला घेर जमिनीतूनच ठरवून आणतो. मग पेरांजवळच्या आंतरीय विभाजी ऊती, एखाद्या इमारतीच्या अनेक मजल्यांवर एकाच वेळी गवंडी राबावेत तशा, कामाला लागतात आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची साधते. बळकटी मात्र सावकाश येते: दृढ ऊतींच्या तंतूंच्या भिंती जाड होऊन त्यांत लिग्निन भरण्यास दोन-तीन वर्षे लागतात. बुरुडाची टोपली आणि बल्लारपूरचा कागद या दोहोंचा आधार हेच तंतू होत.

अशा या तृणास 1927च्या वन कायद्याने वृक्षांत गणले. 2006च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज ठरविले, तरी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला 2009 साली सामूहिक हक्क मिळूनही वाहतूक परवान्याचा अधिकार 2011 साली हाती आला. आणि वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो 2017 साली. वनस्पतिशास्त्राला कधीच ठाऊक असलेली गोष्ट दप्तरात पोहोचण्यास नव्वद वर्षे लागावीत, हा विलंब अक्षम्य होय.

आता तोडीचा निर्णय ज्या ग्रामसभांच्या हाती आहे, त्यांना एकच विनंती: पहिल्या-दुसऱ्या वर्षाची काठी उंचीने पूर्ण दिसली तरी तिला हात लावू नये, कारण तिचे तंतू अजून कच्चे असतात आणि पुढच्या पावसाळ्यातील कोंबांना भूमिगत खोडातून अन्न पुरविण्यात तिचाही वाटा असतो.