पानशेतचा गारेगार भाजका चहा

शनिवार-रविवारी धरण बघायला आलेली मंडळी आमच्याकडे जेवून उठली, की त्यातल्या तरुण मुली हल्ली हमखास विचारतात, "मावशी, माचा मिळेल का?" पानशेतला माचा मिळत नाही, आणि एप्रिलच्या दुपारी त्याची गरजही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. माचासाठी खुडणीच्या आधी साधारण तीन आठवडे चहाची झुडपं झाकून ठेवतात, मग पानं वाळवून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम 40 ग्रॅमच्या आसपास पूड निघते, म्हणून ती महाग. इतकी नाजूक पूड दूध, गोड पाक आणि बर्फात बुडवणं मला पटत नाही. थंड आणि गोड प्यायचं असेल तर जपानचा दुसरा चहा घ्यावा, भाजलेला. होजिचा म्हणतात त्याला. क्योटोच्या व्यापाऱ्यांनी 1920 च्या दशकात जाड पानं आणि काड्या भाजून तो विकायला सुरुवात केली. जपानचाच आणखी एक चहा आहे, गेनमाइचा. त्यात भाजलेला तांदूळ मिसळलेला असतो. आमच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, भाताला काय तोटा? म्हणून मी दोन्ही एकत्र करते.

सिंहगड रस्त्याने इकडे येताना पु. ल. देशपांडे उद्यान लागतं. ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय, 2006 साली खुलं झालं. ती मूळची बाग 1700 साली पुरी झाली आणि तिच्यात चहाची झुडपंही आहेत अन् भाताचं खाचरही. चहा आणि तांदूळ एका बागेत आहेत, तर एका ग्लासात का नकोत?

आता कृती. चार ग्लासांसाठी दोन मोठे चमचे ग्रीन टी लागेल. पाकीट घेताना अख्ख्या पानाचं घ्या. लिंबू-तुळशीच्या वासाचं नको, आणि पिशव्यांमधला चुरा तर मुळीच नको, तो बघता बघता करपतो. दोन मोठे चमचे आंबेमोहर घ्या, हातसडीचा मिळाला तर फारच छान. तांदूळ धुऊन कापडावर खडखडीत वाळवायचा आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचा. आधी दाणे पांढरे पडतात, मग कडेने सोनेरी होतात, एखाददुसरा तडतडून लाहीसारखा फुलतो. सगळे बदामी झाले की काढा.

त्याच तव्यावर पत्ती टाका आणि हात थांबवू नका. पहिल्यांदा ओल्या गवतासारखा वास येतो, मग तो कोरडा होतो, आणि मग एकदम शेंगदाणे भाजल्यासारखा खमंग दरवळ सुटतो. हिरवा रंग जाऊन पत्ती तपकिरी झाली, की धूर यायच्या आत ती ताटात पसरायची. तव्यावरच राहू दिली तर गॅस बंद केल्यावरही ती भाजत राहते. भाजल्याने चहाचा तुरटपणा पुष्कळ उतरतो, म्हणून तो दुधात आणि गोडात छान मुरतो.

आपल्या सवयीप्रमाणे हा चहा उकळायचा नाही. पत्ती आणि तांदळावर अर्धा लिटर उकळतं पाणी ओता, तीन-चार मिनिटं झाका, गाळा. पाणी मात्र हलकं हवं. बोअरच्या जड पाण्यात चहावर साय धरल्यासारखा थर येतो आणि चव मळकट लागते.

गाळलेल्या चहातला निम्मा फ्रीजमध्ये गार करायचा. उरलेल्या निम्म्याची जेली. त्यासाठी आपला चायना ग्रास. नावात चीन असला तरी तो वाळवून टिकवायची युक्ती जपानची, सतराव्या शतकातली. समुद्री शेवाळाची उरलेली खीर थंडीत बाहेर टाकली, ती रात्री गोठली आणि उन्हात वाळली, अशी गोष्ट सांगतात. पाव लिटर चहाला अडीच ग्रॅम तुकडे पुरतात. ते अर्धा तास भिजवा, चहात घालून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि ताटलीत ओता. ही जेली साध्या खोलीतही धरते आणि 85 अंशांपर्यंत वितळत नाही. जिलेटिनची जेली आमच्या उन्हाळ्यात वीज गेली की पाणी होते, शिवाय ते प्राण्यांपासून काढलेलं असतं, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना चालत नाही.

गोडाला काकवी. ओकिनावाच्या काळ्या साखरेचा पाक जपानी लोक जेलीवर ओततात, त्याच्या जागी कोल्हापूरकडची काकवी अगदी चपखल बसते. चार चमचे काकवीत दोन चमचे पाणी आणि चिमूटभर मीठ. गुळाच्या चहात दूध फाटतं ही आपल्याकडची नेहमीची धास्ती, पण इथे चहा, दूध, काकवी सगळंच थंड असल्याने तो प्रश्न येत नाही. ग्लासात तळाशी जेलीचे चौकोन, त्यावर काकवी, बर्फ, गार चहा, आणि शेवटी चमच्याच्या पाठीवरून सावकाश म्हशीचं थंड दूध. काकवी खालीच बसते, दूध हळूहळू चहात उतरतं. अर्धा ग्लास प्यायचा, उरलेला चमच्याने खायचा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आंबेमोहराचं पीक उंच वाढतं, वाऱ्यात आडवं होतं आणि उतारा कमी देतं. म्हणून 1987 साली इंद्रायणी तांदूळ आल्यावर पुष्कळांनी तोच लावायला घेतला. त्यात त्यांची चूक नाही, घर चालवायचं असतं. पण शहरात आंबेमोहर म्हणून दुसराच बारीक तांदूळ खपवला जातो आणि खरा पिकवणाऱ्याला भाव मिळत नाही. तेव्हा मुळशी, भोर, वेल्ह्याकडे आलात तर मूठभर तांदूळ हातात घ्या, त्यावर फुंकर घाला आणि वास घ्या. मोहराचा वास आला, तर घासाघीस न करता शेतकऱ्याकडून थेट विकत घ्या.